फ्लेक्सची आतली बाजू

दार उघडलं नाही. एवढंच झालं. खराडीतल्या त्या उंच इमारतीचं काचेचं दार कुणीही समोर आलं की दोन्हीकडे सरकायचं. कल्याणीसमोर ते बंदच राहिलं. काचेत तिला तीच दिसत होती. इस्त्रीचा फिका निळा कुर्ता, खांद्याला बॅग, गळ्यात काही नाही. आत जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पट्टा होता आणि पट्ट्याला ओळखपत्र. तिनं दाराच्या वरच्या चौकटीकडे पाहिलं. तिथं एक काळी डबी बसवलेली होती. बी.एस्सी.ला असताना तिनं याच विषयावर सेमिनार दिला होता. डबी सतत लहरी सोडत असते. समोरची वस्तू हलत असेल तर परत येणाऱ्या लहरी किंचित बदललेल्या असतात, आणि तो बदल म्हणजे माणूस. न हलणारी वस्तू म्हणजे भिंत, किंवा कुंडी. ती आत जाऊन काय विचारायचं ते वाक्य जुळवत दारापाशी आली होती, ते जुळेना म्हणून थांबली होती, आणि थांबूनच राहिली होती. म्हणजे यंत्राची काही चूक नव्हती. बाजूच्या स्टुलावरचा वॉचमन हसला. "जरा हला की, मॅडम. हलल्याशिवाय त्याला दिसत नाय माणूस." तेवढ्यात मागून डब्याची पिशवी घेतलेला एक जण फोनवर बोलत आला, दार त्याच्यासाठी सरकलं, आतल्या थंड हवेचा एक झोत तिच्या अंगावर आला, त्याला कॉफीचा आणि फिनाइलचा वास होता, आणि दार मिटलं. ती वळली. वळताना जी हालचाल झाली तिनं दार पुन्हा उघडलं, या वेळी तिच्यासाठीच, पण तोवर तिची पाठ फिरली होती.

बसस्टॉपपर्यंतच्या रस्त्यावर ती स्वतःला समजावत राहिली की यात काही नाही. दार हे दार असतं. पण जिन्यात शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं तिला वाटत होतं. विचारायचं होतं ते एवढंच की माझी जॉइनिंगची तारीख कधी. एम.बी.ए.च्या कॉलेजात येऊन याच कंपनीनं तिला निवडलं होतं, तेव्हा हिवाळा होता. मुलाखत घेणाऱ्या बाई तिच्या फिजिक्सवर खूश होत्या, म्हणाल्या होत्या, आकड्यांना न घाबरणारी माणसं हवीत आम्हाला. मग उन्हाळ्यात मेल आला की बाजाराची स्थिती पाहता नव्या उमेदवारांना रुजू करून घेणं तूर्तास पुढे ढकलण्यात येत आहे. तूर्तास हा शब्द तिनं पुष्कळ दिवस हातात घेऊन पाहिला. त्याला लांबी नव्हती. एखादी राशी मोजता येत नसेल तर ती शून्य आहे की अनंत, हे सांगता येत नाही. वर्गातल्या बहुतेकांचं असंच झालं होतं. काहींना मेलसुद्धा आला नव्हता. तिची खोलीतली मैत्रीण वृषाली एका बँकेसाठी फोनवरून क्रेडिट कार्डं विकायला लागली होती आणि रात्री हेडफोनचा वळ पडलेले कान चोळत म्हणायची, "फायनान्स शिकले आणि आता लोकांच्या शिव्या खाते. पण पगारी खाते हां. तू काय, अजून त्यांच्या वरातीची वाट बघ." कल्याणीनं तेही करून पाहिलं होतं. 'मॅनेजमेंट ट्रेनी' म्हणून बोलावलेल्या एका ठिकाणी पहिल्याच दिवशी हातात पाण्याचा फिल्टर देऊन सोसायट्यांत पाठवलं होतं. दुसऱ्या एका ठिकाणी अनुभव विचारला, तिनं नाही म्हटलं, तर समोरचा तरुण, जेमतेम तिच्याच वयाचा, खरोखर वाईट वाटून म्हणाला, मग तो आधी कुठंतरी घेऊन या ना. संध्याकाळी ती दोन मुलांना फिजिक्स शिकवायची. त्यावर खोलीचं भागत होतं.

फोन वाजला तेव्हा ती स्टॉपवरच्या पत्र्याच्या सावलीत होती. राजरत्न. चुलतभाऊ, वयानं मोठा, पिंपरी पेंढारच्या विहारातल्या तरुण मंडळाचा सगळा कारभार त्याच्याकडे. "जय भीम, मॅडम. बिझी का?"

"जय भीम, दादा. बोल ना."

"दहावी-बारावीच्या पोरांचा गुणगौरव ठेवलाय रविवारी. विहारात. प्रमुख पाहुणी तू."

"मी? अरे, दुसरं कुणीतरी बघ."

"दुसरं कोन? आपल्यात कंपनीत लागलेली तू एकलीच. नोकरी कशी लागली, काय वाचलं, कसं बोलायचं, सगळं सांग पोरांना. बारक्या-बारक्या पोरी लई बघत्यात तुझ्याकडं."

"रजा मिळाली पाहिजे."

पलीकडे तो मोठ्यानं हसला. "रविवारची कसली रजा मागती राव? का कंपनी रविवारी पन जुपती?" तीही हसली. तिला सगळे वार सारखेच झाले होते, रविवारी सुट्टी असते हे तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "कंपनीचं नाव नीट कळव. स्पेलिंगसकट. न्हाईतर मागल्यासारखं नुसतं 'नामांकित कंपनी' लिवावं लागतंय."

मागचा फ्लेक्स. निवड झाल्याचं तिनं घरी कळवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो गावाच्या फाट्यावर लागला होता. 'आपल्या गावची सुकन्या. एम.बी.ए. पदवी व पुण्यातील नामांकित कंपनीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मधोमध ती, ओळखपत्रावरच्या फोटोतून मोठी केलेली, दुकानदारानं आपणहून गोरी केलेली, गालावरचा तीळ पुसून टाकलेली. खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो, त्यात राजरत्न गॉगल लावून. पदवीचा निकाल लागायचा होता, तारीख यायची होती, पण फ्लेक्स काही तारखेसाठी थांबत नसतो. इथं बातमी आधी टांगतात, मग ती खरी होते. निवडणुकीचं, लग्नाचं, वाढदिवसाचं, सगळ्याचं असंच. आणि एकदा फाट्यावर टांगलेली गोष्ट परत घेण्याची रीत कुणाला ठाऊक नाही. मेल आल्यावर आईचा फोन आला होता, "लागली का गं कामावर?" आणि कल्याणी म्हणाली होती, "हो." वाक्य असं नव्हतंच, नुसता होकार होता, समोरच्याचं बोलणं ऐकू येतंय असं सांगणारा. त्याच्यावर पुढचं सगळं उभं राहिलं.

सकाळी वृषाली निघायची तेव्हा तीही निघायची. खोलीत बसलं तर मालकीणबाई दार वाजवून विचारायच्या, आज सुट्टी का गं. सुरुवातीला ती मॉलमध्ये बसली, पण तिथं बाकांची रचनाच अशी असते की माणसानं फार वेळ बसू नये. बागा दुपारी बंद. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं खुर्च्या रुमाल टाकून धरून ठेवायची. मग एकदा पाऊस चुकवायला ती एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाच्या ओपीडीत शिरली आणि तिला जागा सापडली. तिथं पंखे होते, पाण्याची टाकी होती, लाल आकड्यांचा बोर्ड होता आणि शेकडो माणसं काही न करता बसलेली होती. वाट बघणं हेच तिथलं काम होतं आणि ते करणाऱ्याला कुणी विचारत नव्हतं. ती बॅग मांडीवर घेऊन बसायची, फोनवरून अर्ज पाठवायची, आकडे बदलताना बघायची. कुठला आकडा आपला नाही हे माहीत असणं यात एक विचित्र विश्रांती होती. शेजारी बऱ्याचदा घोडेगावकडच्या साळूबाई असत. त्यांच्या मालकांचं डायलिसिस चाललं होतं. हातावर मोठं गोंदण, पिशवीत भाकरी, कुणाशीही बोलायला सुरुवात करण्याची मुभा असल्यासारखा आवाज. त्यांनी विचारलं, "कोन पेशंट हाय तुजं?"

"आई," कल्याणी म्हणाली. विचाराच्या आधी शब्द गेला होता.

"काय झालंय?"

"मूतखडा."

त्या दिवशी तिनं फोनवर मूतखड्याबद्दल पुष्कळ वाचलं. कुठं अडकतो, किती मोठा झाला तर आपोआप पडत नाही, कशाचा बनतो. खोटं असलं तरी त्याला मोजमाप असावं, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी साळूबाईंनी विचारलं तेव्हा तिनं खड्याचा आकार मिलिमीटरमध्ये सांगितला. साळूबाईंना मिलिमीटरशी काही देणंघेणं नव्हतं. "कुळथाचं पानी पाज. कुळीथ रातच्याला भिजू घालायचं, सकाळी उकळायचं, वरचं पानी गाळून द्यायचं. माज्या नंदंचा बोराएवढा पडला." मग रोज त्या विचारायच्या, आई कशी हाय. बरी आहे. "बरी हाय तर सोडत का न्हाईत घरी? ह्यांचं असंच, बिल वाढवत्यात." त्या अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवायच्या, वर लसणाची चटणी, आणि ती खायची, आजारी नसलेल्या आईच्या वाट्याची. रात्री घरी फोन केला की तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघायचं, तुझी तब्येत कशी आहे. आई म्हणायची, "मला काय धाड भरलीया?" अशा बोलण्यानं कुणाला काही होत नाही, हे तिला पूर्ण ठाऊक होतं. शब्दांपासून कॅल्शियमचे स्फटिक बनत नाहीत. तरी पलीकडून आईचा आवाज येईपर्यंत ती फोन कानाला दाबून धरायची. मग एका सोमवारी साळूबाई दिसल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि मग नाहीच. मालक बरे झाले, की दुसऱ्या दवाखान्यात नेले, की... खिडकीवर विचारता आलं असतं, पण खिडकीवरची मुलगी म्हणाली असती, तुम्ही त्यांच्या कोण? त्या खुर्चीवर आता एक तरुण मुलगा बसायचा आणि कानात वायर घालून डोळे मिटून घ्यायचा. या शहरात तिची रोज चौकशी करणारं एकच माणूस होतं आणि ते तिच्या आईच्या एका न झालेल्या आजाराची चौकशी करत होतं, असं तिच्या मनात आलं. त्यावर हसावं असंही वाटलं, पण सांगायला कुणी नव्हतं. 

शनिवारी ती एसटीत बसली. न जाण्याची कारणं तिनं बरीच तयार केली होती आणि प्रत्येक कारणाला एक खोटी कंपनी लागत होती. मंचरला गाडी रिकामी होऊन पुन्हा भरली. तिथून डावीकडे घोडेगावचा रस्ता जातो, पुढं तळेघर, आईचं माहेर. खिडकीतून तो फाटा मागं पडताना तिला एक जुनी दुपार आठवली. ती लहान होती. ती आणि आई आजीकडून निघाल्या होत्या, बस आली नव्हती, आणि आई म्हणाली होती, चल, चालाया लागू. नाचणीच्या शेतांच्या कडेनं लाल माती चपलांना चिकटत होती. पुढं बस भेटेल का, असं तिनं पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "चालत राह्यलं की बस मागून येती. हुभं राह्यलं की येत न्हाई." यात तर्क नव्हता हे तिला तेव्हाही कळलं होतं, बसला कसं कळणार कोण चालतंय आणि कोण उभं आहे. त्या दिवशी बस आलीच नाही. त्या चालतच राहिल्या, मागं वळून बघत, आणि शेवटी एका दुधाच्या गाडीनं त्यांना घेतलं. पण तिला आठवत होती ती बस नव्हे, दुधाची गाडीही नव्हे. आईच्या हाताची पकड आठवत होती, जी चढाला घट्ट व्हायची आणि उताराला सैल. आता ती मनात रविवारचं भाषण रचत होती. विद्यार्थी मित्रहो. प्रयत्नांती. पहिली ओळ झाली की पुढं एक काचेचं दार यायचं.

आळेफाट्याला उतरून तिनं ओतूरकडे जाणारी जीप धरली. गावाच्या फाट्यावर आता दुसऱ्याच कुणाचा वाढदिवस टांगलेला होता, भावी सरपंच, सोन्याच्या साखळ्या. आपला चेहरा तिथं नाही हे बघून तिला हलकं वाटलं, आणि लगेच, तो कुठं गेला असेल असंही वाटलं. घरी आण्णा, तिचे वडील, ओट्यावर चहा घेत होते. सोपान मेकॅनिक म्हणून एसटी डेपोतले लोक त्यांना अजून ओळखायचे. निवृत्त होऊनही ते कुणी आलं की तब्येतीच्या आधी एकच गोष्ट विचारायचे. "कुठल्या डेपोची गाडी व्हती?"

"नारायणगाव."

"मंग चढाला दम खात असंल. इंजेक्टरचं काम हाय तिचं." मग तिच्याकडे नीट बघून म्हणाले, "वाळली तू. ऑफिसात लई काम असतंय व्हय?" ती हं म्हणाली. पुन्हा तोच होकार.

संध्याकाळी ती आईबरोबर विहारात गेली. वर्षावास चालू होता, तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन. बायकांनी सरकून तिला जागा करून दिली, ही जानकाबाईची लेक, कंपनीतली, असं एकीनं दुसरीला सांगितलं. ठकूबाई म्हणून एक म्हातारी होती, दिसायला कमी झालेली. तिनं कल्याणीचा हात दोन्ही हातांत घेऊन चाचपला. "मऊ हाय गं लई. ऑफिसचा हात. आमच्या हाताला बघ, खवणी झालीय." कल्याणीनं हात काढून घेतला नाही. किती महिन्यांत कुणी तिचा हात असा धरला नव्हता, हे तिला त्या खरखरीत बोटांमुळे कळलं, आणि ज्या कारणासाठी तो धरला गेला होता ते कारणच अस्तित्वात नव्हतं. वाचणारी मुलगी अकरावीतली होती. ती शब्दावर अडखळली की थांबून, नीट जुळवून, पुन्हा वाचायची, आणि कुणी तिला घाई करत नव्हतं. वाचन संपल्यावर ती कल्याणीजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, मला पन एमबीएच करायचंय. तुमच्यासारखं. उद्या विचारू ना सगळं?" घरी येताना पायवाटेला लागून ऊस होता. आई बॅटरी इकडेतिकडे फिरवत मोठ्यानं बोलत चालत होती, बिबट्याला कळावं म्हणून, आणि जे काही बोलत होती ते सगळं कल्याणीच्या कौतुकाचं होतं.

सकाळी पाऊस नव्हता आणि होताही. श्रावणातला तो भुरभुरा, जो कपड्यांवर पडल्याचं दिसतं पण लागत नाही. आई कांदा साठवायच्या बराखीत बसली होती. बांबूच्या पट्ट्यांच्या भिंती, वर उसाच्या पाचटाचं छप्पर. उन्हाळ्यात भरलेला कांदा निम्मा विकून झाला होता आणि त्या रिकाम्या झालेल्या तोंडाशी बसून आई उरलेल्यातला सडका निवडत होती. "ये, वाकून ये. डोकं आपटंल." कल्याणी वाकून आत शिरली. कांद्याचा, ओलसर मातीचा आणि कुठूनतरी येणारा एक गोडसर कुजका वास. आत अंधार असायला हवा होता, पण नव्हता. अर्धी जागा एका दुधी, रंगीत उजेडानं भरली होती. तिनं वर पाहिलं. तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर तिचं तोंड होतं.

"पाचट उडालं गं वावटळीत," आई म्हणाली. "मंग आण्णांनी ह्यो फ्लेक्स ताणला. राजरत्ननं फाट्यावरनं काढून आनून दिला व्हता, घरच्यांना म्हनून. लोकं वर टाकत्यात चित्र. आण्णा म्हनले, उनानं पोरीचं तोंड उडंल. तोंड आतल्या अंगाला, पांढरं वर."

वरून उजेड झिरपत होता आणि तिचा गोरा केलेला चेहरा आतून पेटल्यासारखा दिसत होता, कपाळ दोन बांबूंच्या मध्ये, 'सुकन्या' हा शब्द पाचटात अर्धा शिरलेला, शुभेच्छुक कांद्यांच्या ढिगावर ओणवे. रात्रीच्या पावसाचं पाणी वर साचलं होतं, त्याच्या वजनानं फ्लेक्स खाली फुगला होता आणि नेमका तिथं तिचा गाल आला होता; सुजल्यासारखा, मोठा, वाहायला आल्यासारखा. बहिर्गोल, तिच्या मनात आलं. इतके महिने हा चेहरा इथं खाली बघत होता, कांद्यांकडे आणि रोज इथं येऊन बसणाऱ्या आईकडे, आणि आई मान वर केली की याच्याशी बोलत असेल. ती आईसमोर बसली. हातात एक कांदा घेतला. वरून चांगला होता, अंगठ्यानं दाबला तर मानेशी आत गेला.

"ह्यो काढ," आई म्हणाली. "एक ऱ्हायला की शेजारच्याला लागतंय."

वर छपरावर काहीतरी सरसरलं. आण्णा शिडी लावून चढले होते, दोरी आवळत होते. बांबू करकरत होते. राजरत्नचा आवाज विहाराच्या बाजूनं येत होता, हॅलो, हॅलो, एक दोन तीन, हॅलो. दुपारी तिला त्याच माइकसमोर उभं राहायचं होतं. अकरावीतली ती मुलगी पुढच्या ओळीत बसणार होती आणि जे ऐकेल ते घेऊन जाणार होती. कल्याणीला वाटलं, आपण आता बोललो नाही तर यापुढं आपल्याला बोलताच येणार नाही, कारण आज दुपारनंतर ते आपल्या एकटीचं राहणार नाही.

"आई, मला नोकरी नाहीये."

आईचा हात कांद्यावरून कांद्यावर जात राहिला. "सुटली?"

"लागलीच नव्हती. निवडलं, पण बोलावलंच नाही. बाजार मंदा आहे म्हणाले. मी बाकीकडे पण बघतेय, कुठंच नाही." आवाज बराखीत विचित्र वाटत होता, कांदे तो शोषून घेत होते. "मी तुम्हाला सांगितलं नाही."

आता हात थांबला. फक्त आईचाच नव्हे. वरच्या पांढऱ्या बाजूनं आण्णांनी तोल सावरायला पंजा टेकला होता, त्याची सावली फ्लेक्समधून खाली उतरली होती, पाच बोटं, तिच्या छापील कपाळावर. ती सावली तिथंच होती. दोरी ओढल्याचा आवाज बंद झाला होता. पातळ कापडाच्या त्या बाजूला सगळं ऐकू जात होतं, हे तिला कळलं, आणि ती त्या सावलीकडे बघत राहिली. न हलणारी वस्तू म्हणजे भिंत.

आईनं विचारलं ते तिनं कधी कल्पनेत रचलेलं नव्हतं. रचलेल्या सगळ्या प्रसंगांत आई रडायची, किंवा कपाळाला हात लावायची, किंवा लोक काय म्हणतील म्हणायची. आई म्हणाली, "मंग तू रोज जाती कुठं?"

"दवाखान्यात."

आईच्या हातातला कांदा सुटून पाटीत पडला. "का? काय झालंय तुला?"

"काही नाही. बसायला जाते."

"बसायला?"

"तिथं कुणी उठवत नाही."

"कोन असतंय संगं?"

"कोणी नाही." मग तिला साळूबाईंची भाकरी आठवली आणि असं म्हणणं अपुरं आहे असं वाटलं. "घोडेगावच्या एक बाई होत्या. भाकरी द्यायच्या. त्यांना वाटायचं माझा पेशंट आहे आत. मीच सांगितलं होतं." ती थांबली. पुढचं बोलणं नोकरीच्या बोलण्याहून कठीण होतं. "मी सांगितलं, आईला आणलंय."

"मला?"

"हो."

विहाराकडून पुन्हा हॅलो, हॅलो. कांद्याचं एक पापुद्र्यासारखं साल आईच्या गुडघ्यावर होतं, ते तिनं उचललं, त्यातून उजेडाकडे पाहिलं, खाली टाकलं. तिच्या तोंडावर राग होता की काय होतं ते त्या रंगीत उजेडात कळत नव्हतं.

"काय झालं व्हतं मला?"

"मूतखडा."

"मोठा?"

"नऊ मिलिमीटर."

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग पदरानं नाक पुसून तिनं ढिगातला पुढचा कांदा उचलला आणि अंगठ्यानं त्याची मान दाबत विचारलं, "मंग? बरी झाले का न्हाई मी?"

कल्याणीनं तोंड उघडलं. हसू येतंय असं तिला वाटलं आणि आलं ते दुसरंच काहीतरी, मोठं, बेढब, अडखळत येणारं. तिनं कांद्यानं माखलेले हात डोळ्यांना लावले आणि मग खरंच डोळे झोंबायला लागले. आई म्हणाली, "आगं हात नको लावू, हात नको लावू," आणि आपल्या मनगटानं, जिथं कांदा लागला नव्हता तिथल्या कातडीनं, तिचे गाल पुसायला लागली. जोरात, लहान पोराचं तोंड पुसावं तसं. "दवाखान्यात बसती," ती पुटपुटत होती. "घर हाय, दार हाय, आन दवाखान्यात बसती."

"दुपारी मी हेच सांगणार आहे," कल्याणी म्हणाली, नाकातून. "माइकवर. मला नोकरी नाही म्हणून. राजरत्नदादाला सांग, कंपनीचं नाव टाकू नकोस."

 आईनं वर पाहिलं, त्या चेहऱ्याकडे, आणि मग पंजाच्या सावलीकडे. "ह्यांना इचार," ती हळू म्हणाली.

विचारायची वेळ आली नाही. सावली हलली. बोटं कपाळावरून सरकत गालापर्यंत आली, जिथं पाणी साचलं होतं, आणि तिथं त्यांनी दोनदा थापटलं. थपथप असा जड आवाज झाला. वरून आण्णांचा आवाज आला, नेहमीचा, गाडीखाली झोपून पाना मागावा तसा. "कल्याणी. पानी साचलंय इथं. आतनं जरा दाब दे वर. मी दोरी धरतो."

ती गुडघ्यांवर उठली. उभं राहायला जागा नव्हती. तिनं दोन्ही तळहात त्या फुगलेल्या गालाला लावले. फ्लेक्स थंड होता आणि आत पाण्याचं वजन हलत होतं, जिवंत असल्यासारखं. "अजून," आण्णा वरून म्हणाले. तिनं पाय रोवले, खांदे लावले आणि ढकललं. गाल सपाट झाला, मग उलट बाजूला उठला, आणि सगळं पाणी एकदम घरंगळत पलीकडच्या बाजूनं खाली गेलं.

"आगं हळू की," आण्णा म्हणाले. "भिजवला ना मला सगळा."